पंतांची चित्रं आणि कुणाचा तरी सारा

राजानं वाहिलेल्या वस्तूचं तुळजापुरात कुणाला फारसं अप्रूप नाही. शिवछत्रपतींनी वाहिलेली म्हणून जी मोहरांची माळ ओळखली जाते, ती देवीच्या अंगावर पाहिलेली माणसं इथं गल्लोगल्ली भेटतील. देवळात शिरताना सरदार निंबाळकरांच्या नावाचा दरवाजा लागतो, महाद्वाराला शहाजीराजांचं नाव आहे. राजा, दान आणि देवी हे तिन्ही इथं एका दमात बोलले जातात. म्हणूनच राजाचा संग्रह देवळात नाही, तर संग्रहालयात पाहून आलेले तुळजापूरकर काय बोलतात, हे मला ऐकायचं होतं.

दोघं माझ्या शेजारचे. मामांनी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी बसवलेली पोरं आता आजोबा व्हायला आली. त्यांची भाची तलाठी आहे. (सरकारनं पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण ओट्यावर अजून तलाठीणबाईच.) सोलापूर, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, वडूज अशा वाटेनं दोघं औंधला जाऊन आले. यमाईचं दर्शन घेतलं आणि त्याच डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय पाहिलं. भवानीचं नाव असल्यानं मामांना ते आपल्या घरचंच वाटतं. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जन्मभर जमवलेली चित्रं आणि शिल्पं तिथं आहेत. इमारत 1938 सालची. आज ते राज्य सरकारच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय खात्याकडे आहे.

चहा झाला आणि भाचीनंच तोंड फोडलं.

भाची : मामा, चित्रं चांगली आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्येक दालनात माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. हे सगळं कुठल्या खात्यावर खर्ची पडलं असेल?

मामा : अगं, रविवर्म्यासमोर उभी राहून तुला सातबारा दिसतो?

भाची : दिसणारच की. येताना रान बघितलं ना तुम्ही? म्हसवडपासून पुढं नुसतं माळरान. आटपाडी, माण, खटाव हा सगळा कमी पावसाचा मुलूख, आणि त्यातलीच गावं औंधकरांची. त्या रानातला सारा गोळा व्हायचा आणि त्यातून तैलचित्रांच्या सोनेरी चौकटी यायच्या. तलाठ्याला हे दिसलं नाही तर कुणाला दिसायचं?

मामा : मग हेही बघ की. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा कुंडलजवळ जागा याच पंतांनी दिली. निवडुंग माजलेला माळ होता तो. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली, लोखंडी नांगर निघाले. चौकटीच काय मोजतेस? नांगर पण मोज.

भाची : मोजते. नांगर जमेला, चौकट खर्चाला. आणि 1918च्या सुमाराला पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले, ते कुठं मांडू? साल लक्षात घ्या. त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि वर इन्फ्लुएंझा आला. माणसं पटापट मेली, आणि राजाला महाभारत सचित्र छापायचं होतं.

मामा गप्प झाले. मला वाटतं, गप्प होणंच बरोबर होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही. ती आवृत्ती पुरी व्हायला 1966 साल उजाडलं आणि आज जगातला कुठलाही महाभारताचा अभ्यासक तिच्यावाचून पाऊल टाकत नाही. पण दुष्काळात मेलेल्या माणसाला पाठभेदांचा काय उपयोग, हा प्रश्नही जागचा हलत नाही.

मामा : बरं, मला एक सांग. पैसा त्यानं उधळला असता तर? त्या काळात संस्थानिक काय करत होते? रोल्स रॉईस, शिकारी, पोलो, विलायतेतली हॉटेलं. या माणसाला नाद कसला, तर सूर्यनमस्काराचा, कीर्तनाचा आणि चित्रांचा. कीर्तनाला स्वतः उभा राहायचा. 1916 मध्ये चित्ररामायण काढलं, त्यातली चित्रं त्याच्या स्वतःच्या हातची. अजिंठ्याला चित्रकार घेऊन गेला, भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या, त्यावर पुस्तक लिहिलं. असला राजा सारा खाऊन बसला म्हणायचं?

भाची : कमी खाल्ला म्हणून पावती द्यायची काय?

मामा : पावती देऊ नको. फरक तेवढा बघ. हैदराबादचं सालारजंग म्युझियम आठवतंय?

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या भागातल्या जुन्या पिढीला मोठं शहर म्हणजे हैदराबाद. मुंबई लांब, पुणं परकं. निजामाचं राज्य 1948 मध्ये गेलं, तरी नातीगोती, दवाखाना आणि कापडखरेदी यांसाठी लोक तिकडं जातच राहिले, आणि गेले की सालारजंग बघायचेच. नवाब मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, 1949 मध्ये वारले. त्यांच्या वाड्यातला संग्रह डिसेंबर 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते लोकांना खुला झाला, पुढं मुसी नदीकाठच्या आत्ताच्या इमारतीत आला. तिथं बुरखा पांघरलेली संगमरवरी रिबेका आहे; दगडातून तिचा चेहरा दिसतो. पण खरी गर्दी असते घड्याळापुढं. तास भरायला आला की दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि घंटेवर ठोके देतो. शंभरेक माणसं माना वर करून उभी असतात. ठोके संपले की पांगतात.

मामा : तिथं कसं आहे, जगातलं जे महाग ते नवाबानं आणलं. घड्याळं, काचसामान, हस्तिदंत, फर्निचर. डोळे दिपतात, पण त्या माणसाला नेमकं काय आवडत होतं ते कळत नाही. औंधात कळतं. धुरंधर, रविवर्मा, बंगालवाले, पहाडी लघुचित्रं, आणि त्यातच युरोपातल्या मोठ्या चित्रांच्या करवून घेतलेल्या नकला. चित्र कसं काढतात हा प्रश्न पडलेल्या माणसानं जमवलंय ते.

भाची : नकला ठेवल्यात, त्याचं मला हसू आलं. खरं परवडत नाही म्हणून खोटं टांगलं.

मामा : हसू नको. मी शाळेत शिकवायला लागलो तेव्हा आमच्याकडं युरोपातलं चित्र म्हणजे कॅलेंडरवरचा धूसर छाप. त्याच्याही आधी औंधाच्या पोराला असलं चित्र मूळच्या मापात, रंगासकट, हाताच्या अंतरावर बघायला कुठं मिळालं असतं? लंडनला जायचं काय त्यानं? गदिमा औंधच्या शाळेत शिकले. सगळ्या शाळेनं ती चित्रं बघितली असतील असं मी म्हणत नाही. पण आपल्या गावात असली वस्तू आहे, एवढं माहीत असणं पण पुष्कळ असतं.

भाची : ठीक. पण त्या चित्रात माणूस कुठाय? देव, अप्सरा, द्रौपदी, दमयंती, राजे आणि राण्या. सगळ्या बायका नटलेल्या. आटपाडीची पाणी भरणारी बाई एक तरी दिसली काय तुम्हाला? जिच्या घरातनं सारा गेला, ती चित्रात नाही.

मामा : हं. हे मात्र खरं आहे.

भाची : मला एकच वस्तू आवडली, ते इंग्रजाचं. आई आणि मूल.

हे हेन्री मूरचं दगडी शिल्प. विसाव्या शतकातल्या सगळ्यात नावाजलेल्या शिल्पकारांपैकी एकाचं काम खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे, हे ऐकून कलेतली माणसं अजून चकित होतात. मामांनी मूर पाहिला होता तो पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत. भाचीला नावही माहीत नव्हतं, आणि मला वाटतं त्यामुळेच तिनं ते नीट पाहिलं.

भाची : त्या बाईच्या अंगावर दागिना नाही. लुगडं कुठल्या काठाचं, जात कुठली, काही कळत नाही. मूल घेतलंय एवढंच. आमच्या एस.टी. स्टँडवर रोज दिसते तशी. म्हटलं, राजाच्या घरात हिला कुणी घेतलं?

मामा : म्हणजे राजाचं घर तुला वाटतं तेवढं बंद नव्हतं. पण रविवर्म्यावर तू अन्याय करतेस. तू दागिना बघितलास, मी तुला जर बघायला सांगत होतो. शालूच्या काठावरची. तू नाक लावून उभी राहिलीस तेव्हा काय दिसलं?

भाची : पिवळे-पांढरे ठिपके. कुणी ब्रश झटकल्यासारखे.

मामा : आणि मागं सरकल्यावर?

भाची : जर. झगझगीत.

मामा : मग! सोन्याचा एक कण नाही त्यात. पिवळी माती, पांढरा रंग आणि जवसाचं तेल. कुठला ठिपका कुठं थांबवायचा एवढं ज्ञान. पैठणी विणणाऱ्याला सहा महिने लागतात आणि हा माणूस वीस फटकाऱ्यांत ती भासवतो. हे फोटोत कळत नाही, मोबाइलवर तर नाहीच. मूळ चित्रापुढं पुढं-मागं चालल्याशिवाय हे शिकताच येत नाही. त्यासाठी चित्र भिंतीवर पाहिजे आणि आपण तिथं पाहिजे.

यावर भाचीला उत्तर सुचलं नाही, किंवा द्यावंसं वाटलं नाही. तिनं विषय घरावर आणला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यावर.

भाची : तुम्ही औंधच्या राजाचं कौतुक करता, कारण तो आपला राजा नव्हता. आपला कोण होता? निजाम. आणि आपल्या जिल्ह्यातला मुलूख कशात होता? सर्फ-ए-खासमध्ये. म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीचा. इथला सारा राज्याच्या खजिन्यातसुद्धा जायचा नाही, थेट त्याच्या खिशात जायचा. जुनी दप्तरं बघताना तो शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. पंजोबानं भरलेल्या रुपयाचं काय झालं? शाळा? रस्ता?

मामा : हार झाला असेल.

भाची : हार! आणि तो हार कुठाय? 1995 मध्ये भारत सरकारनं निजामाच्या घराण्याच्या न्यासाकडून 173 दागिने विकत घेतले. 218 कोटी रुपयांना. त्यात तो जेकब हिरा, 184 कॅरटच्या वरचा, उस्मान अली खानानं टेबलावर कागद दाबायला वापरलेला. म्हणजे बघा, पंजोबानं सारा भरून हार घडवला आणि आपण कर भरून तोच परत विकत घेतला. एका मालाचे पैसे दोनदा. तलाठी म्हणून मला ही नोंद मंजूर करता येत नाही.

इथं मला राहवलं नाही. निजामाचे दागिने कैक पिढ्यांचे, गोवळकोंड्याच्या खाणींपासूनचे. एकट्या आपल्या जिल्ह्याच्या साऱ्यातून झालेले नव्हेत, असं मी म्हटलं. तिनं ते मान्य केलं, पण हिशेब मागे घेतला नाही. तिचं म्हणणं साधं होतं. रुपया नेमका कुठला ते सिद्ध होणार नाही, पण रुपया गेला हे तर सिद्ध आहे. त्यानंतर मीही वाद वाढवला नाही, कारण मामांच्या पुढच्या बोलण्यानं सगळ्याच गप्पांची दिशा फिरली.

मामा : आणि ते दागिने आता रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत. मधूनमधून कधी तरी प्रदर्शन. बरंच आहे की, सुरक्षित तरी आहेत. खरं सांगू? औंधची चित्रं पण मुंबईला नेली पाहिजेत. तैलचित्र म्हणजे जिवंत वस्तू. पावसाळ्यात कापड सैल पडतं, उन्हाळ्यात ताणतं, की रंगाला बारीक तडे जातात. वरचा व्हार्निशचा थर पिवळा पडतो. धूळ बसली की ती पुसायलासुद्धा शिकलेला हात लागतो, ओल्या फडक्याचं काम नव्हे ते. हवा मोजणारी यंत्रं, ती दुरुस्त करणारी माणसं मोठ्या शहरात मिळतात. चित्र जगलं तर बघणारे येतील. मला चित्राची काळजी आहे, डोंगराची नाही.

भाची : मामा, हे तुम्ही बोलता?

मामा : का? तुला तर आनंद व्हायला पाहिजे. राजाचा पसारा त्याच्या डोंगरावरून हलला.

भाची : राजाचा नाहीच तो आता. तेच तर म्हणतेय मी सकाळपासून. पैसा गावांचा होता, तर वस्तू गावांची. बहात्तर गावं होती ना संस्थानात? ज्या साली त्यानं ही इमारत बांधली, त्याच सुमाराला राज्य सोडलं. गांधीजींचा सल्ला घेतला, मॉरिस फ्रिडमन नावाचे गृहस्थ मदतीला, मुलगा आप्पासाहेब बरोबर. 21 जानेवारी 1939 ला स्वराज्याची घटना लागू केली आणि कारभार गावपंचायतींच्या हातात दिला. सत्ता गावाला दिली आणि चित्रं मुंबईला, असं कसं? चित्रांचा पण त्याच खात्यात फेरफार व्हायला पाहिजे.

मामा : आणि गावात बघणारं कोण? यमाईच्या यात्रेला आलेला माणूस वर जातो, नारळ फोडतो, खाली येतो. त्यातले किती जण दारातून आत वळतात?

भाची : न वळू देत. मी तहसीलमध्ये रोज बघते, माणूस स्वतःच्या जमिनीचा उतारा वर्षानुवर्षं काढत नाही. म्हणून जमीन त्याची राहत नाही काय? आणि मुंबईत कोण बघतं? मोठ्या म्युझियमांच्या गोदामांत किती तरी चित्रं भिंतीचं तोंड न बघता पडून असतात. इथली निदान सगळ्यांसमोर आहेत. यंत्र पाहिजे तर यंत्र डोंगरावर आणा. सोलार पंप वाडीवस्तीवर पोचला, हवा मोजायचं यंत्र पोचत नाही होय? दुरुस्तीवाला माणूस पुण्याहून महिन्यात एकदा येऊ दे. माणसाला भत्ता लागतो, चित्राला गाव सोडावं लागत नाही.

गंमत अशी की सकाळपासून जी राजाच्या नावानं बोटं मोडत होती, तीच आता संग्रह जागचा हलू नये म्हणून भांडत होती, आणि पंतांची बाजू घेणारे मामा चित्रं ट्रकमध्ये घालायला निघाले होते. माझं मत भाचीकडे झुकतं. जतनाची मामांची धास्ती खरी आहे. पण औंधचा संग्रह औंधात आहे यातच त्याचा निम्मा अर्थ आहे. मुंबईच्या भिंतीवर तो पाच-पन्नास उत्तम चित्रांचा गठ्ठा होईल. खटाव तालुक्यातल्या डोंगरावर मात्र तो एका लहान, कोरडवाहू संस्थानानं केलेल्या खर्चाचा पुरावा आहे, चांगल्याही आणि वाईटही. औंध 1948 मध्ये विलीन झालं, गावांचे जिल्हे वेगवेगळे झाले. आटपाडी सांगलीत, औंध साताऱ्यात. ती बहात्तर गावं एकत्र होती याची खूण म्हणून ही भिंत बरीच मोठी आहे.

मामा एवढ्यावर ऐकणारे नव्हेत.

मामा : मग आपल्या जिल्ह्यात काय आहे गं गावचं गावात? राजा आपल्याला भेटलाच नाही म्हणून रडत बसायचं?

भाची : तेर आहे की. राजा कशाला पाहिजे? रामलिंगप्पा लामतुरे काही राजे नव्हते, तेरचे व्यापारी. पांढरीच्या टेकाडात लोकांना खापरं, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती सापडायच्या, त्या जपल्या त्या माणसानं. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळातली पेठ, रोमपर्यंत व्यापार. ती हस्तिदंती बाई बघितली ना? तसलीच एक इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. लामतुऱ्यांनी सारा वसूल केला नाही, कुणाला फर्मान काढलं नाही. गावाच्या मातीतलं गावाला दिलं. आज ते सरकारी संग्रहालय आहे, त्यांच्या नावाचं.

मामा : लामतुऱ्यांना माझा दंडवत. पण तू दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतेस. मातीतून मातीत असेल तेच निघतं. तेरच्या टेकाडातून पहाडी लघुचित्र निघायचं नाही आणि हेन्री मूर तर नाहीच. बाहेरचं कुणी तरी निवडून आणावं लागतं. निवडायला डोळा लागतो, आणायला पैसा.

भाची : तेरची बाईसुद्धा टेकाडातच बसली नाही. तिच्यासारखी एक समुद्रापार पोचली, व्यापाऱ्यांबरोबर. राजानं नाही नेली.

मामा : व्यापारी विकायला नेतो. पंतांनी ठेवायला आणलं.

भाची : आणि दाखवायला, हे पण म्हणा. आपल्या देवीचे दागिने अजून अंगावर चढतात. नवरात्रात अलंकार महापूजा मांडली की ती पाहायला राजा आणि आराधी एकाच रांगेत. तिथं मोहर कुणाच्या साऱ्यातली हे मी विचारत नाही, कारण ती कुणाच्या घरात गेली नाही. संग्रहालयात विचारते, कारण तिथली वस्तू आधी कुणाच्या तरी घरात गेली.

मामांनी यावर बराच वेळ मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला उमगलं नाही. मग ते एकदम कामाचं बोलले.

मामा : शाळेच्या सहली प्रतापगड-महाबळेश्वरला जातात. वाकडी वाट करून औंध घेता येईल. मुख्याध्यापकांना मी सांगतो.

भाची : आधी तेर. आपल्या जिल्ह्यातलं आहे, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत. एस.टी.चा खर्च पण कमी.

मामा : बघ, परत खर्चावर आलीस.

भाची : येणारच. आणि औंधला न्याल तेव्हा पोरांना रविवर्मा सांगाल ना, तेव्हा एवढं पण सांगा की हे चित्र आटपाडीच्या जोंधळ्यावर आलंय.

मामा : सांगेन. पण चित्र बघून झाल्यावर.

भाची : आधी.

मामा : आधी सांगितलं तर पोरं चित्राकडं बघणारच नाहीत, जोंधळ्याचा भाव विचारतील.

भाची : विचारू देत की.